असेंब्ली पाठवली, पार्ट राहिले

कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरच्या, असेंब्ली फाइलमध्ये पार्ट, म्हणजे सुटे भाग, नसतात. डिझाइनमध्ये चार वर्षं घासलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण आमच्याकडे नव्याने लागलेल्या प्रत्येकाला ते एकदा अंगावर आल्याशिवाय पटत नाही. मध्यंतरी एका नव्या मुलाने कस्टमरला फिक्श्चरची, म्हणजे मशिनिंग करताना वस्तू पक्की धरून ठेवणाऱ्या साधनाची, मुख्य असेंब्ली मेल केली. फाइल जेमतेम काही एमबीची, झटकन गेली, मुलगा खूश. थोड्या वेळाने कस्टमरच्या माणसाचा मला फोन. "मॅडम, फाइल उघडते, पण आत काहीच दिसत नाही. डावीकडे नुसती नावं आहेत, तीही करड्या रंगात."

बरोबरच होतं त्यांचं. असेंब्ली हा हजेरीपट असतो. त्यात नावं आहेत, कोण कुणाशेजारी बसतं तेही आहे. पण हजेरीपट दुसऱ्या शाळेत नेला म्हणून मुलं तिथे पोचत नाहीत. आम्ही वापरतो त्या सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरच्या असेंब्लीत पार्टचं नाव, तो कुठल्या फोल्डरात आहे, त्याचं कोणतं कॉन्फिगरेशन (एकाच फाइलमधलं वेगळं माप किंवा रूप) घ्यायचं आणि तो कशाला मेट केलाय, म्हणजे जोडून बसवलाय, एवढंच लिहिलेलं असतं. लोखंड, म्हणजे खरी जॉमेट्री, प्रत्येक पार्टच्या स्वतंत्र फाइलमध्ये. ड्रॉइंग हे त्याहून वेगळं, ते पुन्हा या दोघांकडे बोट दाखवणार. एक साधं फिक्श्चर म्हटलं तरी बेस प्लेट, रायझर, रेस्ट पॅड, लोकेटिंग पिन, क्लॅम्पिंग सिलिंडर, मॅनिफोल्ड, बोल्ट-डॉवेल धरून दोन-तीनशे फाइलींचं हे खटलं होतं.

आमची कंपनी भोसरी एमआयडीसीत. कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) मशिनिंगला लागणारी फिक्श्चर आणि छोटी एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठीची खास मशीनं, बनवतो. डिझाइनला आम्ही मोजकी माणसं, प्रत्येकाचं वेगळं मशीन. बरीच वर्षं कारभार असा चालला की एक जॉब एकाच माणसाकडे. त्याच्या मशीनवर फोल्डर, तोच मालक, तोच चौकीदार. मग जॉब मोठे झाले, डिलिव्हरीच्या तारखा आखडल्या, आणि एकाच फिक्श्चरवर दोघा-तिघांनी एकाच वेळी हात घालायची पाळी आली. तिथून पुढचा सगळा खटाटोप सांगते.

पहिला उपाय अर्थातच पेन ड्राइव्ह. फोल्डर कॉपी करायचा, शेजारच्याला द्यायचा. हे वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. हरवलेला पार्ट सॉफ्टवेअर कुठल्या क्रमाने शोधतं, ते माहीत असल्याशिवाय या कॉपीवर भरवसा ठेवता येत नाही. सॉलिडवर्क्स आधी स्वतःच्या मेमरीत बघतं: या नावाची फाइल आत्ता उघडी आहे का? त्यानंतर सेटिंगमध्ये दिलेले फोल्डर, असेंब्लीच्या आसपासची जागा, शेवटचं सेव्ह करताना पार्ट जिथे होता तो पत्ता. कुठेच नाही मिळालं की मग विचारतं, "सापडत नाही, तुम्ही शोधून देता का?" म्हणजे फाइल ओळखायची तर मुख्यतः नावावरून. आणि आमच्याकडे प्रत्येक जॉबमध्ये एक 'बेस प्लेट' होती. एक 'रेस्ट पॅड', एक 'लोकेटर राइट', एक 'लोकेटर लेफ्ट'. नाव काय ठेवायचं हा प्रश्न कुणाला कधी पडलाच नव्हता. बेस प्लेटला बेस प्लेट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

याचं फळ एका ब्रॅकेटच्या फिक्श्चरमध्ये मिळालं. आमच्यातल्या एकाने संदर्भासाठी जुना जॉब उघडला होता, तो तसाच उघडा ठेवून नवा उघडला. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे सांगितलं की याच नावाची दुसरी फाइल आधीच उघडी आहे, ती चालेल का? अशी खिडकी दिवसात इतक्यांदा समोर येते की हात आपोआप 'चालेल'वर जातो. झालं. नव्या असेंब्लीखाली जुनी बेस प्लेट येऊन बसली. दोन्ही प्लेट दिसायला सख्ख्या बहिणी: त्याच लांबी-रुंदीच्या, जाडीत थोडा फरक आणि डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनची) भोकं एकीत आठची, दुसरीत दहाची. काही मेट लाल झाले, ते 'दुरुस्त' केले गेले, फाइल सेव्ह झाली, आणि त्या क्षणी असेंब्लीच्या पोटातला पत्ताही कायमचा बदलला. पकडलं आमच्या चेकरने. ड्रॉइंग बोर्डावर आयुष्य गेलेला माणूस, थ्रीडी मॉडेलकडे तो ढुंकून बघत नाही. प्रिंटवर टायटल ब्लॉकमधलं, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतलं, वजन त्याने वाचलं आणि म्हणाला, "एवढ्या प्लेटला एवढं वजन येईल कसं? जाडी बघ." प्लेट मशिनिंगला गेली नव्हती, म्हणून वाचलो.

आता गुरुवारची अडचण. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार सुट्टीचा, लाइटची देखभालही बहुधा त्याच दिवशी. शॉप, म्हणजे कारखाना, बंद, पण डिझाइनला तारीख गाठायची असते, म्हणून बुधवारी संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवर फोल्डर भरून घरी नेणार. इथे आम्हाला 'पॅक अँड गो' खऱ्या अर्थाने सापडलं. फाइल मेनूत बसलेली ही सोय असेंब्लीने नाव घेतलेली प्रत्येक फाइल हुडकते आणि सगळं एका फोल्डरात किंवा झिपमध्ये काढून देते. ड्रॉइंग हवीत का, टूलबॉक्सचे (सॉफ्टवेअरमधल्या तयार भागांच्या साठ्यातले) बोल्ट हवेत का, उपफोल्डर ठेवायचे की सगळं एका पातळीवर सपाट करायचं, हे विचारते. नावांच्या मागेपुढे काही जोडायचं असेल तर तेही इथेच जमतं. कस्टमरला किंवा व्हेंडरला मूळ फाइली द्यायच्या तर याशिवाय दुसरा मार्ग मी तरी सुचवणार नाही. नुसता फोल्डर झिप केला की त्या फोल्डरच्या बाहेर राहिलेला एखादा सिलिंडर हमखास मागे राहतो.

पण पॅक अँड गो नेण्यासाठी उत्तम, आणण्यासाठी काहीच नाही. शुक्रवारी सकाळी ऑफिसात दोन संच असतात, एक मशीनवरचा, एक घरून आलेला, आणि दोन्हीत काहीतरी बदललेलं. तारीख बघून नवीन ओळखावं म्हणाल तर तोही भरवसा नाही. असेंब्ली उघडून रिबिल्ड करून सेव्ह केली की हात न लावलेल्या पार्टनाही ती 'बदलले' समजून सेव्ह करायला बघते. त्यामुळे ज्याने फक्त एक चॅम्फर (तिरपी कापलेली कड) टाकला त्याच्याकडेही पन्नास फाइलींवर कालची तारीख. मग दोघांनी शेजारी बसून "हा तुझा, हा माझा" करत वाटणी करायची. भावाभावांच्या जमिनीलाही एवढा वेळ लागत नसेल.

याच सुमारास बोल्टचा तमाशा झाला. एका मशीनवर नीट दिसणारं क्लॅम्पिंग युनिट दुसऱ्या मशीनवर उघडलं, तर प्लेटमधून भलेमोठे बोल्ट बाहेर आलेले, रायझरला आरपार भेदून. बघणाऱ्याला वाटावं फाइलच खराब झाली. खराब काहीच नव्हतं. टूलबॉक्समध्ये एका प्रकारच्या बोल्टची एकच फाइल असते आणि प्रत्येक माप हे त्या फाइलमधलं एक कॉन्फिगरेशन. मी एम८ चा २५ लांबीचा अॅलन बोल्ट टाकला की माझ्या मशीनवरच्या टूलबॉक्समध्ये ते माप तयार होतं. शेजारच्या मशीनवर त्याच नावाची फाइल आहे, पण तिच्यात ते माप कुणी कधी बनवलेलंच नाही. मग असेंब्लीला तिच्यातलं जे मूळ माप असेल ते मिळतं. उपाय सोपा निघाला. टूलबॉक्सचा फोल्डर सर्व्हरवर एकच ठेवला आणि प्रत्येक मशीनच्या सेटिंगमध्ये 'होल विझार्ड, टूलबॉक्स' इथे तोच पत्ता दिला. ज्यांच्याकडे अजून प्रत्येक मशीनवर वेगळा टूलबॉक्स आहे त्यांनी बाकी काही केलं नाही तरी चालेल, हे मात्र आधी करावं.

पेन ड्राइव्ह नको म्हणून मधे एक प्रयोग झाला: आपोआप सिंक होणारा ऑनलाइन फोल्डर. मुलांचा फार आग्रह होता. कागदपत्रांना, एक्सेलला ही सोय झकास. असेंब्लीला मात्र नाही. दोघांनी एकच फाइल सेव्ह केली की सिंक करणारा बिचारा दोन्ही ठेवतो, दुसरीच्या नावापुढे काहीतरी शेपूट लावून. असेंब्लीला ते शेपूटवालं नाव माहीत नाही, ती जुन्याच नावाला हाक मारते. आणि कुणाची तरी दुपार त्या शेपटीत पडून राहते. शिवाय शंभर पार्टपैकी साठ उतरले आणि चाळीस वाटेत असताना असेंब्ली उघडली, तर काय दिसेल ते वेगळं सांगायला नको. मेलवरून उतरवलेल्या फाइलींची तीच गत: ब्राउझर दुसऱ्यांदा उतरवताना नावापुढे कंसात एक आकडा लावतो आणि तेवढ्याने नातं तुटतं.

मग ऑफिसातला सर्व्हर, आणि सगळ्या मशीनवर एकच ड्राइव्ह. अक्षर सगळीकडे झेडच. हा आग्रह हट्टी वाटेल, पण एकाच्या मशीनवर झेड, दुसऱ्याच्या वाय आणि तिसरा थेट नेटवर्कच्या लांबलचक पत्त्याने उघडणार, तर असेंब्लीत तीन प्रकारचे पत्ते साठत जातात. फोल्डरची नावंही आखूड केली. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल कस्टमर करेक्शन' अशी एकात एक घुसलेली फोल्डरं झाली की विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा खरंच आडवी येते.

एका ड्राइव्हवर आल्यावर खरा प्रश्न समोर आला: एकाच वेळी हात कुणी घालायचा? फाइल उघडली की सॉलिडवर्क्स तिच्या शेजारी ~$ ने सुरू होणारी एक लपलेली फाइल बनवतं, म्हणजे 'मी इथे बसलोय' म्हणून टाकलेला रुमाल. दुसऱ्याने तीच उघडली तर त्याला ती फक्त वाचायला मिळते. सेटिंगमध्ये 'कोलॅबोरेशन' म्हणून भाग आहे, तिथे मल्टी-युजर चालू केलं की कोणता पार्ट कुणाकडे आहे ते कळतं, आणि दुसऱ्याने सेव्ह केलेला बदल रीलोड करून घेता येतो. लाइट गेली की हे रुमाल तसेच पडून राहतात आणि कुणीच बसलेलं नसताना जागा अडलेली दिसते. सगळ्यांनी सॉफ्टवेअर बंद करून त्या लपलेल्या फाइली काढून टाकायच्या, एवढंच.

पण रुमालाने भांडण थांबतं, काम पुढे जात नाही. काम पुढे गेलं ते वाटणीने. मुख्य असेंब्ली एकाच माणसाची; बाकीच्यांनी ती फक्त वाचायला उघडायची. खाली युनिट पाडली: बेस आणि रायझर, लोकेशन, क्लॅम्पिंग, हायड्रॉलिक पाइपिंग. प्रत्येक युनिटची उप-असेंब्ली एकेकाच्या नावावर. कास्टिंगचं मॉडेल सगळ्यांच्या मुळाशी, ते कुणीच बदलायचं नाही; कस्टमरकडून नवीन आलं तर ज्याची मुख्य असेंब्ली आहे तोच बदलणार आणि मोठ्याने सांगणार. हे मोठ्याने सांगणं आमच्या व्यवस्थेचा सर्वात भरवशाचा भाग आहे, हसू नका.

यात एक छुपा साप होता. एका पार्टचं भोक दुसऱ्या पार्टच्या कडेवरून असेंब्लीत बसूनच काढायची सवय. त्या वेळी फार सोयीचं वाटतं. पण त्यामुळे पार्ट स्वतःच्या मापावर उभा राहत नाही, तो असेंब्लीमार्फत दुसऱ्याला टेकतो. डावीकडच्या पार्टच्या यादीत त्याच्या नावापुढे -> असा बाण दिसतो. ती असेंब्ली उघडी नसेल तर बाणापुढे प्रश्नचिन्ह. क्लॅम्पिंगवाल्याचा पार्ट असा लोकेशनवाल्याच्या पार्टला टेकलेला असला की त्याने तिकडे पिन हलवली आणि याच्या प्लेटमधलं भोक इकडे आपोआप सरकलं, कदाचित प्लेट वायरकटला (तारेने कापणाऱ्या मशीनवर) गेल्यावर. आता आमचा रिवाज असा की ड्रॉइंग रिलीज होण्याआधी असे बाण लॉक करायचे आणि मापं हाताने द्यायची. नव्या मुलांना हे मागासलेपण वाटतं. वाटू दे.

आवृत्तीचं दुखणं थोडक्यात. दर वर्षी नवी आवृत्ती येते, आणि नवीनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून दोन आवृत्त्या मागे सेव्ह करायची सोय आली, पण एकत्र ड्राइव्हवर तिचा आधार धरू नये. एका मशीनने अपग्रेड करून शंभर पार्ट सेव्ह केले की बाकीची मशीनं बाहेर. अपग्रेड करायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी, आणि चालू जॉब संपल्यावर. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ए३८० विमान बनवताना एअरबसचे जर्मनी आणि स्पेनमधले डिझाइनर कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या व्ही४ आवृत्तीवर होते, फ्रान्स आणि ब्रिटनमधले व्ही५ वर. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गहून आलेली वायरिंग तुलूजला बसेना, वायरी तोकड्या पडल्या, आणि २००६ मध्ये डिलिव्हरी पुढे ढकलल्याचं जाहीर करावं लागलं.

शेवटी पीडीएमवर, म्हणजे डिझाइनच्या फाइली सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, गेलो. साहेबांना खर्चाची धास्ती होती, पण सॉलिडवर्क्सच्या प्रोफेशनल लायसन्सबरोबर पीडीएम स्टँडर्ड मिळतंच, खाली एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस चालतो. आमच्याकडे ते लायसन्स होतं आणि इतकी वर्षं कुणी वापरलं नव्हतं. तत्त्व साधं: सगळ्या फाइली व्हॉल्टमध्ये, म्हणजे त्याच्या एकत्र साठ्यात, बदल करायचा तर आधी चेक आउट, झाला की चेक इन, प्रत्येक चेक इनला नवी व्हर्जन. बाकीच्यांना दिसतं फाइल कुणाकडे आणि कुठल्या मशीनवर आहे. जुनी व्हर्जनही मागता येते, त्यामुळे 'फायनल नवीन' फोल्डर आपोआप बंद पडले.

सॉफ्टवेअर बसवायला वेळ लागला नाही. वेळ खाल्ला नावांनी. व्हॉल्टमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली नकोत, असं सेटिंग करता येतं. आम्ही ते केलं आणि पहिल्याच जॉबला बेस प्लेट दारात अडली. मग क्रमांक ठरवले: जॉब, युनिट, पार्ट, म्हणजे २४१७-०२-०१५ असं काहीतरी. विंडोजच्या फोल्डरात जाऊन नाव बदललं तर असेंब्लीला पत्ता लागत नाही, म्हणून पॅक अँड गो मधूनच नवी नावं देत संच बाहेर काढायचा आणि तो व्हॉल्टमध्ये टाकायचा. जुन्या जॉबवरून नवा जॉब बनवतानाही आता हाच रस्ता.

विरोध डिझाइनमधून झालाच नाही, खाली फिक्श्चर जोडणाऱ्या असेंब्ली विभागातून झाला. आमचे फिटर मामा प्रिंट घेऊन वर आले. "ताई, बेस प्लेट म्हणलं की आमच्या पोराला कळतं काय उचलायचं. हे पंधरा नंबर म्हणलं तर कोण धावणार?" मुद्दा चोख होता. आता फाइलचं नाव क्रमांक, आणि 'बेस प्लेट' हे पार्टच्या प्रॉपर्टीत वर्णन म्हणून. तिथून ते टायटल ब्लॉकमध्ये आणि बीओएममध्ये (पार्टच्या यादीत) आपोआप उतरतं. प्रिंटवर वर्णन मोठ्या अक्षरात, क्रमांक त्याखाली. परचेसवाले क्रमांकाने मागवतात, शॉपवाले नावाने हाक मारतात.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक नियम उरला: बुधवारी निघण्याआधी जे घरी लागणार नाही ते चेक इन. एखादी फाइल कुणाच्या लॅपटॉपवर चेक आउट राहिली आणि तो लॅपटॉप गावी गेला, तर ती सोडवायला अॅडमिनला हात घालावा लागतो आणि त्या लॅपटॉपवरचे बदल तिथेच राहतात. कस्टमरला मंजुरीसाठी आता असेंब्ली जातच नाही. ईड्रॉइंग्ज (नुसतं बघण्यापुरती फाइल) किंवा पीडीएफ जातं, आणि मॉडेल मागितलं तर स्टेप. आयएसओ १०३०३ हे त्याचं मानक. त्यात सगळे पार्ट एकाच फाइलमध्ये बसतात, बहुतेक कॅड सॉफ्टवेअर ती उघडतात, आणि आमचं फीचर-झाड, म्हणजे डिझाइन कसं केलं ते, आमच्याकडेच राहतं. मूळ फाइली करारात असतील तेव्हाच, पॅक अँड गो करून, आणि झिप दुसऱ्या मशीनवर, नेटवर्कची वायर काढून उघडून बघितल्यावर. वायर काढायची कारण ती जोडलेली असली की असेंब्ली गुपचूप सर्व्हरवरचे पार्ट घेते आणि सगळं छान असल्यासारखं दिसतं.

जुने जॉब आम्ही व्हॉल्टमध्ये हलवले नाहीत. ते झेडवर आहेत, फक्त वाचण्यापुरते. रिपीट ऑर्डर आली की त्या जॉबला तेव्हा क्रमांक पडतात, तोवर तिथल्या बेस प्लेटांना कुणी हात लावत नाही.